पुऱ्या पाण्याचा मान

अर्जुनरावांना पहिलं व्हायचं वेड होतं. हे वेड आईच्या पोटातूनच आलं असणार, कारण जुळ्यांतले ते आधी बाहेर पडले आणि दुसरं आलं ते श्वास न घेताच. छबूबाई सुईण मरेपर्यंत सांगायची, “ह्येनं जागा आडवून ठेवली बया.” आता सुईणीच्या सांगण्यात मीठमसाला किती, हे देव जाणे. पण ज्यांनी अर्जुनरावांना पुढं पंगतीत पाहिलं, त्यांना ते खोटं वाटलं नाही.

मोशी ओलांडून चाकणच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला इंद्रायणीच्या काठी त्यांचं गाव. घर पाटलांचं. पाटीलकी कायद्यानं गेली, पण पहिला मान काही कायद्यानं जात नाही. लग्नात पहिलं पान त्यांचं, होळीला पहिली काडी त्यांची. गावात एसटी आली त्या दिवशी ते पहाटेपासून वडाखाली बसून होते आणि पहिलं तिकीट काढून पुढच्याच थांब्यावर उतरून चालत घरी आले, कारण जायचं कुठंच नव्हतं. कुटुंबनियोजनाचं शिबिर भरलं तेव्हा तर पंचावन्नाव्या वर्षी, घरात मूल नसताना, रांगेच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी वय विचारलं, मुलं किती म्हणून विचारलं, आणि हात जोडून घरी पाठवलं. तरी गावात येऊन म्हणाले, “पैल्या नंबरावर मीच हुतो. त्येंचीच सुई बोथट निघाली.”

बायको गोजाबाई. नवऱ्याच्या मागून चार पावलं चालायची, आणि त्या चार पावलांच्या अंतरातून त्याच्याकडं असं बघायची की बघणाऱ्याला हसू यावं. बोलायची मात्र कमी.

बासष्ट सालानंतर पिंपरीच्या अंगाला शेतं जाऊन कारखाने आले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण कारखान्यांच्या मागोमाग अभ्यास करणारे आले, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काय त्यांची झुंबड! कुणी येऊन पोरांची उंची मोजायचा, कुणी धुरासाठी छपरावर पांढरा कागद चिकटवून जायचा. एक बाई आठ दिवस मुक्कामाला राहून घराघरात विचारत होत्या की जमीन गेल्यावर मनाला काय वाटतं. (“काय वाटनार? गेली त्ये वाटतं,” गोजाबाई म्हणाली. बाईंनी ते लिहून घेतलं.) ह्या सगळ्यांचा पहिला चहा अर्जुनरावांच्या ओसरीवर व्हायचा. पहिलं रक्त त्यांचं, पहिली थुंकी त्यांची, पहिलं उत्तरही त्यांचंच. एकदा तर पशुवैद्य गाईगुरांची नोंद करायला आला, तेव्हाही आपलं नाव पहिलं घातलं का म्हणून त्यांनी खात्री करून घेतली.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर पुण्याच्या एका संशोधन संस्थेतले डॉक्टर आठल्ये आले. हे माणसांचे डॉक्टर नव्हेत, मातीचे. अंगानं काडी, डोक्याला हॅट, पायात कॅनव्हासचे बूट. वरच्या अंगाला कापडाचे रंग बनवणारी एक कंपनी होती. तिचं सांडपाणी नदीत सोडायला आता सरकार हरकत घेऊ लागलं होतं. आठल्ये साहेबांचं म्हणणं, हे पाणी हौदात निवळून शेताला दिलं तर नदीही वाचेल आणि पीकही येईल. येईल की नाही, हे बघायला गावात प्रयोग करायचा होता.

चावडीत सभा भरली. साहेबांनी भिंतीला नकाशा लावला.

“तीन तुकडे घ्यायचे. अ, ब आणि क. अ ला नेहमीचं विहिरीचं पाणी. ब ला निम्मं नदीचं, निम्मं कंपनीचं. क ला सगळं कंपनीचं.”

“अ कुनाचा?” अर्जुनरावांनी विचारलं.

“कुणाचाही चालेल. तिथं आम्ही काहीच देणार नाही. फक्त तुलना करणार.”

“काईच देनार न्हाई, मग त्यो मान कसला?”

“मान नाही हो पाटील, प्रयोग आहे.”

“त्येच. ब ला निम्मं म्हनला. आन क ला?”

“पुरं.”

चावडीत कोपऱ्यात सोनबा बसला होता. अर्जुनरावांचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून शेत, आणि तीस वर्षं पहिल्या पानावर डोळा. असं म्हणतात की त्यानं आदल्याच आठवड्यात कंपनीच्या नाल्यात बोट बुडवून चाखून बघितलं होतं, आणि दोन दिवस जिभेवर लिंबू चोळत फिरत होता. तो आता पुढं सरकला, टोपी हातात घेतली आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, “सायेब, पुरं पानी मला द्या. दादाचं वय झालं. दादाला निम्मं बास हाय.”

झालं! अर्जुनराव ताडकन उठले. “वय झालं? कुनाचं? आरं, कालवा आला तवा पैली पाळी कुनाची हुती? ह्या घराची! आन तू निम्म्यावर बसिवतो व्हय मला?”

“तसं न्हाई दादा, झेपलं पायजे म्हनून म्हनतो.”

“पुरं पानी माज्या शेताला. ल्ह्या सायेब.”

आठल्ये साहेब जरा गडबडले. “क साठी आम्ही गायरानातला मुरूम बघून ठेवलाय. चार गुंठे. तिथं नुकसान झालं तरी...”

“पुरं पानी मुरमाला? आन माजी मळई काय मेली?”

मळई म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन. पावणेदोन एकर, काळीभोर, हातात घेतली तर लोण्यासारखी. गावात तिच्यासारखी दुसरी नव्हती. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोन वर्षं ते गावोगाव हिंडत होते आणि चांगल्या जमिनीवर पुरं पाणी घ्यायला एकही शेतकरी तयार होत नव्हता. मुरमावरचा प्रयोग म्हणजे कागदाची भर, हे त्यांनाही कळत होतं. आता पाटील स्वतः हात धरून मळई देत होते. साहेब भले होते, पण इतकेही भले नव्हते. ते शेजारी उभ्या असलेल्या ज्योतीरामला हळूच म्हणाले, “सही घ्या. लगेच.”

हा ज्योतीराम गावचाच, बौद्धवाड्यातल्या भिमाबाईचा मुलगा. शेतकीची पदवी घेऊन संस्थेत सहायक म्हणून लागलेला, तिशीचा, नाकासमोर चालणारा माणूस. फॉर्म घेऊन तो ओसरीवर आला. सही घेण्याआधी म्हणाला, “काका, एक सांगतो. क म्हणजे मोठेपणा न्हाई. ह्या पाण्यात मीठ हाय. किती झाल्यावर जमीन मरते, त्ये बघायलाच क ठेवलाय. अ घ्या, न्हाईतर सोडून द्या. न्हाई म्हणाला तर कुणी धरून न्हेत न्हाई.”

अर्जुनरावांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तुजा बाप ह्या ओसरीखाली हुबा राहून जोहार घालायचा. आन तू वर चढून मला शेती शिकिवनार?”

ज्योतीरामनं पेनाचं टोपण काढलं. “सही हितं करा,” तो म्हणाला. “आन खाली तारीख.”

दारामागून गोजाबाईनं सगळं ऐकलं होतं.

पाणी सुटलं त्या सकाळी अर्जुनरावांनी फेटा बांधला, नळाच्या चावीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. सिमेंटच्या नळातून जांभळट तांबडं, कोमट, फेसाळलेलं पाणी धो धो आलं. थंडीत त्याच्यावरून वाफ निघत होती. “बघा, ऊन पानी! आंगुळीचं पानी मिळतंय माज्या गव्हाला,” ते लोकांना सांगत होते. सोनबानं ब घेतला आणि बांधावर उभा राहून टाळ्या वाजवल्या.

आणि पहिल्या वर्षी गहू असा आला, असा आला की विचारू नका. अर्जुनरावांनी लोंब्यांची जुडी बांधून चावडीच्या दाराला लटकवली. ज्योतीराम समोरून गेला की मुद्दाम खाकरायचे. “काय रं पदवीधर? मीठ कुटं गेलं?”

“बसतंय काका, खाली,” तो म्हणायचा आणि मातीचा नमुना पिशवीत भरायचा.

दुसऱ्या वर्षी पात्यांची टोकं जळाली. तिसऱ्या वर्षी, म्हणजे शहात्तर साली, उन्हाळ्यात मळईवर पांढरी साय धरली. लांबून वाटावं कुणी पीठ सांडलंय. पाऊस पडला की जमीन साबणासारखी गुळगुळीत व्हायची, ऊन पडलं की विटेसारखी फुटायची. पेरलेले दाणे जसेच्या तसे, फुगलेले, मातीत पडून कुजले. गुरं बांधावरूनच मागं फिरायची.

सोनबाचं शेत मात्र हिरवंगार. ह्यातली गंमत गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती, संस्थेलाच तेवढी नव्हती. संस्थेचा माणूस चावी उघडून जेवायला गेला की सोनबा भर दुपारी ती बंद करायचा आणि आपल्या विहिरीचं इंजिन चालू करायचा. तीन वर्षांत ब तुकड्यानं कंपनीचं पाणी जेमतेम चाखलं असेल. पण वहीत लागलं, निम्मं पाणी पिकाला मानवतं. त्या वहीवरून अहवाल झाला, अहवालावरून शिफारस, शिफारशीवरून कंपनीला निम्म्या पाण्याचा परवाना, आणि नदीच्या खालच्या अंगाला चार गावांच्या शेतात सिमेंटचे नळ गेले. ज्योतीरामनं एकदा तोंड उघडलं होतं. त्याला वरून उत्तर आलं की ऐकीव गोष्टींवर विज्ञान चालत नाही.

मळई मेली तशी आठल्ये साहेबांनी चावी बंद केली. त्या दिवशी ज्योतीराम पुन्हा ओसरीवर आला. अर्जुनराव भिंतीकडं तोंड करून बसले होते. त्यांनी बस म्हटलं नाही. तो उभ्यानंच बोलला.

“काका, अजून येळ गेली न्हाई. मीठ तोडायला जिप्सम टाकू, शेणखत टाकू. ताग पेरून गाडू. नदीच्या पाण्यानं दोन पावसाळे धुऊन काढू. तीन वर्षांत शेत हाती येईल.”

अर्जुनरावांनी मान वळवली. अगदी हो म्हणण्याच्या बेतात होते, असं गोजाबाई पुढं सांगायची. तेवढ्यात आठल्ये साहेब जीपमधून उतरले. त्यांच्या तोंडावर पोरगं झाल्यासारखा आनंद होता.

“पाटील, शेताला हात लावू नका! आता खरा अभ्यास सुरू होणार. अशी उत्तम जमीन, अशी पूर्ण नासलेली, नोंदीसकट, साऱ्या महाराष्ट्रात दुसरी नाही. ती आपणहून सुधारते का, आणि किती वर्षांत, हे बघायचं. पाच वर्षं काही टाकायचं नाही, काही पेरायचं नाही.”

“साऱ्या म्हाराष्ट्रात?” अर्जुनरावांनी विचारलं.

“एकमेव.”

“म्हंजी पैला नंबर?”

साहेब हसले. “पहिला आणि शेवटचा.”

अर्जुनराव उठले आणि फेटा शोधू लागले. ज्योतीराम पायरी उतरून चालता झाला.

मग मेलेल्या शेताची बडदास्त सुरू झाली. बांधावर पत्र्याची पाटी लागली, “क तुकडा. प्रवेश नाही.” पाटीखाली बाज टाकून अर्जुनराव दिवसभर बसायचे. दिल्लीहून माणसं आली, मंत्रालयातून आली, एकदा दोन गोरे साहेबही आले. त्यांच्यापुढं अर्जुनराव चालायचे, वाकून पांढऱ्या मातीचा पापुद्रा उचलायचे आणि दाखवायचे. “ह्ये बगा. असं तुमाला दुसरीकडं गावायचं न्हाई.” गोऱ्यानं फोटो काढला तेव्हा त्यांनी छाती काढून पाय जुळवले. फोटो पुढं पुस्तकात आला. त्यात पांढरी जमीन होती, कोपऱ्यात एक धोतराचा सोगा होता, आणि खाली छापलं होतं, शेतकरी क्रमांक तीन. अर्जुनराव तो सोगा लोकांना बोटानं दाखवायचे. “तीन कसा रं दादा?” सोनबा विचारायचा. “तू तर पैला न्हवं?”

घरात मात्र कणग्या रिकाम्या झाल्या. माळावरचं एकर दीड एकर कोरडवाहू, त्यात दोघांचं वर्षही निघेना. एक दिवस गोजाबाईनं खुरपं घेतलं आणि सोनबाच्या शेतात निंदायला गेली. पाटलाची बायको चुलतदिराच्या रोजावर! दुपारपर्यंत गावात बोभाटा झाला. अर्जुनराव आडवे गेले.

“घराची अब्रू घालिवली.”

“अब्रू तिकडं बांधावर बसून हाय की, पाटी लावून,” ती म्हणाली. “तिला दोन घास घाला. मला जाऊ द्या.”

सोनबा मुद्दाम त्याच बांधावर तिला काम द्यायचा, म्हणजे अर्जुनरावांना बाजेवर बसल्या बसल्या दिसावं. इतकंच नव्हे, बायकांना न्याहारी वाटताना मोठ्यानं ओरडायचा, “पैली भाकर वयनीला द्या रं! त्यांच्या घराचा मान हाय!”

पण गोजाबाई नुसती निंदत नव्हती. संध्याकाळी परतताना ती बौद्धवाड्यावरून जायची. भिमाबाईच्या दारात बसायची, पाणी प्यायची, आणि ज्योतीराम घरी असला की त्याला विचारायची. ताग कधी पेरायचा, किती वाढला की गाडायचा, चर कुठून काढायचा. नवरा ज्या माणसाला पायरीवरून हाकलत होता, त्याच्या पायरीवर बसून ती शिकत होती. ज्योतीरामनं कधी ते ओसरीवरचं बोलणं काढलं नाही. जिप्समचं अर्धं पोतं मात्र स्वतः सायकलवर घालून आणून दिलं.

मळईच्या नदीकडच्या टोकाला, चिंचेच्या आड, पाटीपासून लांब, तिनं चार वाफे धरले. रोज पहाटे शेणाची पाटी, नदीतल्या गाळाची पाटी, डोक्यावरून. चर खणून वाफे धुतले. ताग पेरला, गाडला, परत पेरला. दोन पावसाळे हे चाललं. अर्जुनरावांचं तोंड सदा रस्त्याकडं, पाहुण्यांच्या वाटेकडं. पाठीमागं काय उगवतंय हे त्यांना कळायचं कारण नव्हतं.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात ताटात मेथी आली. अर्जुनरावांनी दोन घास खाल्ले आणि थांबले.

“मेथी कुटली?”

“मळईतली.”

ते तसेच हात न धुता धावले. चिंचेपलीकडं चार वाफे, हिरवेगार, दव पडलेले. बायकोनं मेलेली जमीन जिवंत केली होती. दुसरा असता तर तिथंच मातीवर बसून रडला असता. अर्जुनराव कपाळावर हात मारून ओरडले, “आगं, नासलंस की गं माजं शेत! यकमेव हुतं!”

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते पुण्याला गेले आणि संस्थेत लेखी तक्रार देऊन आले. आपल्या बायकोनं सरकारी प्रयोगात बेकायदा खत टाकलं आहे, तरी तिच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. सही, पूर्ण नावासकट.

आठल्ये साहेब तोवर बढती घेऊन दिल्लीला गेले होते. त्यांच्या जागी आलेले नवे साहेब तक्रार वाचून ज्योतीरामसह गावात आले. अर्जुनराव फेटा बांधून पाटीखाली उभे होते. “चला सायेब, नुकसान दावतो,” म्हणून पुढं झाले. बांधावर सोनबा आणि निम्मं गाव तमाशाला गोळा झालेलं.

नव्या साहेबांनी पांढऱ्या जमिनीकडं नजर टाकली न टाकली, आणि सरळ वाफ्यात जाऊन गुडघ्यावर बसले. माती उकरली, वास घेतला, जिभेला लावली. मेथीचं रोप मुळासकट उपटून उजेडात धरलं. मग वर बघून विचारलं, “हे कुणी केलं?”

“हिनंच, सायेब!” अर्जुनराव म्हणाले. “मी रोज सांगत हुतो हात लावू नगं म्हनून.”

“बाई, जिप्सम किती टाकलं?”

गोजाबाईनं सांगितलं. पाट्या किती, चर किती खोल, ताग किती दिवसांचा, सगळं बोटांवर मोजून सांगितलं. साहेब लिहीत राहिले. लिहिता लिहिता ज्योतीरामला म्हणाले, “तो जुना क आता बंद करा. त्यातून काही निघत नाही. पाटी काढा आणि इथं लावा. आता अभ्यास ह्यांचा. सगळी मळई ह्यांच्या पद्धतीनं करायची.” मग नवा फॉर्म काढला. “बाई, नाव सांगा. प्रयोगप्रमुख म्हणून घालतो.”

तिनं नाव सांगितलं, आणि फॉर्मवर पहिल्या रकान्यात ते आलं.

अर्जुनराव पुढं सरकले, घसा खाकरला. साहेब मातीत इतके गुंतले होते की तक्रार करणारा नवरा हाच, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं; त्यांना वाटलं, कुणी गडी असावा. त्यांनी गोजाबाईला विचारलं, “आणि हे कोण?”

सगळ्या बांधाच्या माना गोजाबाईकडं वळल्या. सोनबानंसुद्धा तंबाखू चोळायची थांबवली. अर्जुनरावांनी फेट्याचा तुरा नीट केला आणि बायकोकडं पाहिलं. चाळीस वर्षं तिनं त्यांचं नाव घेतलं नव्हतं, ते आता चारचौघांत उखाणा घालून घेईल, अशी त्यांची खात्री असावी.

गोजाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. त्या जुन्या, चार पावलांच्या नजरेनं.

“राखनीला ठिवलाय,” ती म्हणाली. “गुरं हाकायला.”

बांधावर जो हशा पिकला तो नदीपलीकडं ऐकू गेला म्हणे. ज्योतीराम तेवढा हसला नाही. त्यानं पिशवीतून फीत काढली, कारण वाफे मोजायचे होते आणि दुसरं टोक धरायला माणूस लागतो. तो अर्जुनरावांजवळ गेला, फितीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, “काका, त्या खुंटीपाशी जाऊन धरा. वाकून, जमिनीला टेकवून.”

अर्जुनराव गेले. वाकले. फेट्याचा तुरा मेथीत टेकला.

“अजून खाली,” गोजाबाई म्हणाली.